सुरगाठ, निरगाठ आणि पाच दिवसांची बोट

आमचं पहिलं भांडण बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच झालं, आणि तेही गाठीवरून.

बोटीच्या दोन्ही कडांना रबरी फुगे लोंबकळत असतात, धक्क्याला किंवा शेजारच्या बोटीला अंग घासू नये म्हणून. त्यांना फेंडर म्हणतात. भाड्यानं बोट देणाऱ्या माणसानं एक फेंडर दांडीला बांधून दाखवला. ‘मास्टवॉर्प’ असं त्या गाठीचं नाव सांगितलं, झटक्यात सोडूनही दाखवली आणि म्हणाला, बाकीचे आता तुम्ही बांधा. मी मारली निरगाठ. नवऱ्यानं सुरगाठ.

“अगं, सोडताना नखं तुटतील तुझी.”

“अरे, तुझी वाटेतच सुटेल.”

दोघांचंही खरं ठरलं, पण ते पुढे.

आम्ही नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये, आम्स्टलवेनला राहतोय. इथे इतके मराठी लोक आहेत की गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी वेटिंगवर असतात. पण देशाच्या उत्तरेला फ्रीसलंड नावाचा प्रांत आहे, तिथे आम्ही कधी फिरकलो नव्हतो. तिथली भाषाही वेगळी, फ्रिसियन. गावांच्या पाट्या दोन-दोन नावांच्या. डच लोक स्नेक म्हणतात त्या गावाला तिथले लोक स्निट्स म्हणतात. लेक मैत्रिणीकडे राहायला तयार झाली, जूनमधले पाच दिवस मिळाले, आणि आम्ही स्नेकहून साडेनऊ मीटर लांबीची पोलादी बोट घेतली. आत झोपायची जागा, दोन शेगड्यांचा गॅस, एवढासा संडास.

लायसन्स लागत नाही. पंधरा मीटरपेक्षा लांब नसलेली आणि ताशी वीस किलोमीटरच्या वर न पळणारी बोट इथे कुणीही चालवू शकतो. कारचं डच लायसन्स काढताना नवऱ्याला तीनदा परीक्षा द्यावी लागली होती, त्यामुळे त्याला हा सरळसरळ अन्याय वाटला. आईला व्हिडिओ कॉलवर बोट दाखवली तर ती म्हणाली, “तिथेच झोपायचं? आणि रात्री कालव्याला पाणी सोडलं तर?”

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझं माहेर बारामतीकडचं. आमच्याकडे कालवा म्हणजे नीरा डावा कालवा, आणि त्याला पाणी ‘सुटतं’. आवर्तन कधी, पाळी कुणाची, पाटकरी कुणाच्या बाजूचा, यावर गावचं राजकारण चालतं. कालव्यातून होडीनं फिरायला जायचं हे आमच्या डोक्यात येणारच नाही. इथे सगळं उलटं आहे. पाणी आणायचं नसतं, घालवायचं असतं. फ्रीसलंडची तळी आणि कालवे एकमेकांना जोडून त्यांची पातळी समुद्रसपाटीच्या अर्धा मीटर खाली, एकसारखी ठेवलेली असते. जास्तीचं पाणी बाहेर टाकायला दारं आणि पंप. लेमर गावाजवळचं 1920 सालचं वाफेवरचं पंपिंग स्टेशन पाणी फारच चढलं की अजूनही पेटवतात. सगळीकडे पातळी एकच, म्हणून आतल्या पाण्यात दिवसभर फिरलं तरी एकही लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी दोन दारांमधली टाकी, लागत नाही. कालव्यातून तळ्यात, तळ्यातून गावात, गावातून परत कालव्यात.

बोट चालवणं मात्र कारसारखं मुळीच नाही. ब्रेक नसतो, थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा. आणि चाक फिरवलं की नाक वळण्याऐवजी शेपूट झुलते. ही गोष्ट आम्हाला स्नेकच्या पाणदरवाज्यापाशी कळली. 1613 सालचा हा वॉटरपोर्ट, दोन मनोरे आणि मध्ये कमान. काठावर कॉफी पीत बसलेले निदान चाळीस लोक. नवऱ्यानं ऐटीत वळण घेतलं आणि शेपूट भिंतीला टेकली. फेंडर मध्ये होता म्हणून बरं. चाळीस लोकांनी कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

पण मला सांगायचंय ते पुलांबद्दल. गावागावात रस्त्याचा पूल बोटीसाठी उघडतो. आपण जवळ जाऊन रेंगाळायचं. तांबड्या दिव्याशेजारी हिरवा लागला की तयार राहायचं, नुसता हिरवा झाला की निघायचं. तेवढ्यात रस्त्यावर घंटा वाजते, फाटक पडतं, गाड्या, सायकली, पोस्टाची व्हॅन, सगळे थांबतात आणि रस्ता उभा राहतो. कशासाठी? तर आम्ही दोघं चहा पीत ताशी सहा किलोमीटरनं पलीकडे जावं म्हणून. पहिल्या पुलाला मला इतका संकोच वाटला की मी थांबलेल्या लोकांना हात जोडले. एकानंही हॉर्न वाजवला नाही. एक बाई गाडीतून उतरून पुलाच्या कठड्याला टेकली आणि आमच्याकडे बघून केळं खात राहिली. उलट दुपारी पूलवाला जेवायला गेला की तासभर आम्ही पाण्यात ताटकळत. तिथे कुरकुर करायची ती आम्हीच, बाकीच्या बोटी खांबाला दोरी टाकून निवांत.

वाउड्सएंड गावात पूलवाला खोपटातून मासे पकडायचा गळ घेऊन आला. गळाच्या दोरीला एक लाकडी बूट, डच लोक घालतात तो, टांगलेला. बोट पुढून जाताना तो बूट त्यानं झुलवत माझ्या नाकासमोर आणला. त्यात टोल टाकायचा. चालत्या बोटीतून, झुलत्या बुटात, सुटी नाणी. माझं एक नाणं पाण्यात गेलं. तो म्हणाला, “माशांचा पगार.”

मधल्या गावांची नावं सांगत बसत नाही, पण आयल्स्ट सोडवत नाही. तिथे घर रस्त्याच्या एका बाजूला आणि त्याची बाग रस्ता ओलांडून कालव्याच्या काठावर. लोक आपल्या बागेत बसून आपल्यासमोरच मटार सोलतात आणि बोट दोन हातांवरून जात असते. काय बोलणार? ‘खुये’ म्हणायचं, म्हणजे नमस्कार-चमत्कार, आणि पुढे जायचं. आयल्स्ट, स्नेक, स्लोटन, हिंडलोपन, वोर्कुम ही आम्ही पाहिलेली पाचही गावं बर्फावरच्या त्या प्रसिद्ध शर्यतीची. हिवाळ्यात हेच कालवे सलग पंधरा सेंटिमीटर जाडीचे गोठले तर अकरा गावांची, जवळपास दोनशे किलोमीटरची स्केटिंग स्पर्धा होते. पहिली 1909 साली झाली. शेवटची 4 जानेवारी 1997 ला, आणि ती जिंकली स्प्राउट्स पिकवणाऱ्या एका शेतकऱ्यानं. त्यानंतर पुरता बर्फच धरला नाही. तरी दर थंडीत लोक वाट बघतात, आपल्याकडे रोहिणीत आभाळाकडे बघतात तशी.

वोर्कुमला बोट बांधून भाड्याच्या सायकलींवर हिंडलोपनला गेलो. चिमुकलं गाव, पूर्वी दर्यावर्दींचं. तिथल्या म्युझियममध्ये बायकांचे जुने पायघोळ अंगरखे आहेत, आणि मी पहिल्याच काचेपाशी खिळले. लाल रंगावर वेलबुट्टी, मोठाली फुलं, निळा काठ. हे मी पाहिलेलं होतं. खाली कापडाचं नाव ‘सिट्स’. म्हणजे आपलं चीट! माझी आजी ‘चिटाचं परकर-पोलकं’ म्हणायची ते. कोरोमंडल किनाऱ्यावर हातानं रंगवलेलं सुती कापड वलंदाजांच्या जहाजांतून आम्स्टरडॅमला यायचं आणि तिथून हिंडलोपनच्या कप्तानांच्या बायका ते शिवायला न्यायच्या. वलंदाज म्हणजे वेंगुर्ल्याला ज्यांची वखार होती ते हेच लोक. दुःखाच्या काळात निळं-पांढरं चीट नेसायचं, हाही रिवाज. कापड गेलं तसा शब्दही गेला, आणि फ्रीसलंडमध्ये येऊन जरासा जाड झाला. नवरा म्हणाला, “चल, वारा सुटतोय.” मी म्हटलं, तू हो पुढे. अर्धा तास त्या काचेसमोर उभी होते.

तिसरी रात्र फ्ल्यूसन तळ्यात काढली. फ्रीसलंडमध्ये मारेक्रिते नावाच्या संस्थेनं तळ्यांच्या काठाला, बेटांना, बोटी बांधायला लाकडी धक्के करून ठेवलेत. तीन दिवसांपर्यंत फुकट. वीज नाही, नळ नाही, दुकान नाही. पिठलं-भात केला, वर घरून आणलेली लसणीची चटणी. रात्री दहा वाजले तरी उजेड. पाणगवताच्या बेटात कुठला तरी पक्षी सारखा करकरत होता. बोटीचं बूड पाण्यावर चुळचुळ वाजायचं. आम्ही दोघं फोन न बघता किती वेळ बसलो ते माहीत नाही. बोललो तेही फार नाही. दोरी आवळली का, गॅस बंद केलास का, एवढंच.

त्याच रात्री माझी निरगाठ आडवी आली. वारा फिरला, बोट दुसऱ्या कुशीवर लावायची, म्हणजे फेंडर इकडचे तिकडे. माझी गाठ भिजून दगड झालेली. नखं तुटली, दोन. शेवटी नवऱ्यानं पाव कापायच्या सुरीनं दोरी कापली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. हे न बोलणं मला फार लागलं.

शेवटच्या दिवशी येल्तेस्लोटच्या जलसेतूवरून गेलो. म्हणजे बोट वर आणि मोटारींचा हमरस्ता आमच्या पायाखालून. मी काठाशी वाकून खाली ट्रक बघत होते, तेवढ्यात आम्ही प्रिन्सेस मारख्रीट कालव्यात शिरलो. हा गंमतीचा कालवा नाही, मालवाहतुकीचा आहे. मागून शंभर मीटरच्या आसपास लांबीचं मालवाहू जहाज आलं. बाजूनं जाताना पाणी आधी आम्हाला त्याच्याकडे ओढत नेतं आणि मग फेकून देतं. कपाटातली भांडी खाली आली. आम्ही दोघांनी मिळून एकच चाक धरलं होतं.

जहाज गेलं, आणि नवऱ्याच्या सुरगाठीचा फेंडरही गेला. मागे वळून पाहिलं तर निळा फुगा पाण्यावर डुलत लांब चाललेला. मीही एक शब्द काढला नाही.

स्नेकला पोचल्यावर त्या माणसानं फेंडर मोजले, कापलेली दोरी उचलून पाहिली, आणि अनामत रकमेतून पैसे वळते केले. “सगळ्यांचं होतं,” म्हणाला, आणि पुन्हा एकदा मास्टवॉर्प बांधून दाखवला. घट्ट बसतो, आणि सोडायचा तर एका झटक्यात मोकळा.

परत येताना गाडी मी चालवत होते. आफ्स्लाउटडाइकवरून, म्हणजे 1932 साली ज्यानं समुद्र अडवून त्याचं तळं केलं त्या बत्तीस किलोमीटरच्या बांधावरून. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं. नवऱ्यानं कुठलंच पाहिलं नाही. माझी ओढणी घेऊन तो दरवाज्याच्या हँडलला मास्टवॉर्प घालत बसला होता. पलीकडचा काठ आला तेव्हा म्हणाला, “जमला.”

पेट्रोल पंपावर उतरताना ओढणी सुटेना.