खून बोर्डिंग स्कूलमध्येच का?

किशोरांसाठी रहस्यकथा लिहितो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "इतक्या जागा सोडून तुमचे खून बोर्डिंग स्कूलमध्येच का पडतात?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिलं कारण वेळापत्रक. कोण कुठल्या वेळी कुठे असायला हवं, हे भिंतीवर लिहून लावलेली दुसरी जागा मला तरी माहीत नाही. उठण्याची घंटा, पीटी, नाश्ता, तास, खेळ, अभ्यासाचा तास, रात्रीची हजेरी, दिवे बंद. एरवी गुप्तहेराला प्रत्येकाला गाठून "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" असं विचारत फिरावं लागतं. इथे उत्तर आधीच लिहिलेलं आहे. ते कुणी मोडलं एवढंच शोधायचं. आणि मोडणारे ढीगभर निघतात. एकजण गच्चीवर सिगरेट ओढत होता, एकजण दुसऱ्याच्या वहीतून गणितं उतरवत होता, एक मुलगी आजारी असल्याचं सांगून सिक रूममध्ये नुसती रडत पडली होती. खोटं सगळेच बोलतात. खून मात्र एकानेच केलेला असतो.

मृतदेह ताठरायला साधारण दोन ते चार तासांत सुरुवात होते आणि बाराएक तासांत तो पूर्ण ताठरतो. थंडी-उकाड्याने हे मागेपुढे होतं. म्हणजे प्रामाणिक डॉक्टर मृत्यूची नेमकी वेळ न देता 'अमुक ते तमुक'च्या दरम्यान, एवढंच सांगेल. तेवढ्या अवधीत शाळेच्या किती घंटा झाल्या ते मांडलं की माझं अर्धं कथानक तयार.

पण खरी अडचण वेगळीच असते. पंधरा वर्षांच्या मुलीला पुरावा सापडला, तर ती सरळ मोठ्यांना का सांगत नाही? अगाथा ख्रिस्तीच्या १९५९ सालच्या 'कॅट अमंग द पिजन्स'मध्ये, मुलींच्या शाळेतल्या त्या कादंबरीत, ज्युलिया नावाची विद्यार्थिनी टेनिस रॅकेटच्या मुठीत दडवलेली रत्नं शोधून काढते आणि शहाण्या मुलीसारखी थेट ख्रिस्तीच्या नेहमीच्या गुप्तहेराकडे, पॉयरोकडे जाते. पुढचा शोध पॉयरोचा. आजचा किशोर वाचक हे खपवून घेणार नाही. त्याला ज्युलियाच शेवटपर्यंत हवी.

मग मोठ्यांना बाजूला सारायचं कसं? त्यांना मूर्ख दाखवणं ही लेखकाची लबाडी. मला ती आवडत नाही. बोर्डिंग स्कूलमध्ये तिची गरजही पडत नाही. शाळेचं नाव खराब झालं की पालक मुलं काढून घेणार, हे रेक्टरपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यामुळे "जिन्यावरून पाय घसरला" हे वाक्य पोलीस येण्याआधीच ठरून जातं. माणसं दुष्ट नसतात, घाबरलेली असतात. मला तर खुनापेक्षा या झाकाझाकीत जास्त रस वाटतो.

मोबाईलचा प्रश्नही आपोआप सुटतो, कारण बऱ्याच शाळा ते जमा करून घेतात. (ज्या घेत नाहीत, त्यांच्यावर लिहिणं हा छळ आहे.) भुयारं, चोरवाटा मी वापरत नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम केले, त्यात गुप्त खोली किंवा वाट एकच चालेल, असं होतं. मला ती एकही नको. स्वयंपाकघराचं मागचं दार आणि त्याची किल्ली कुठे टांगलेली असते हे माहीत असलेली चार मुलं, एवढं पुरतं.

त्या वयात हेतूही मोठ्यांना क्षुल्लक वाटावेत असे असतात: गटातून काढून टाकलं, शिष्यवृत्ती दुसऱ्याला गेली, डायरी कुणीतरी मोठ्याने वाचली. तरी माझा खुनी बहुधा मोठा माणूस निघतो. त्याला त्या रात्री पाहिलेलं आणि सकाळी "मी झोपलो होतो" म्हणणारं मात्र एक मूल असतं. शेवटची पन्नासएक पानं मी त्या मुलासाठी राखून ठेवतो.