एकशे सातवी सही

नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रं आहेत. ग्रामपंचायत सहावीतच उरकलेली. त्यामुळे पोरांना नकाराधिकाराचे पाच देश तोंडपाठ आणि आपल्या वॉर्डाचा सदस्य कोण, ते विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. म्हणून 15 ऑगस्टला झेंडावंदन आटोपल्यावर, खाऊचे पुडे हातात तसेच, अकरा जणांना घेऊन ग्रामसभेला गेलो.

काम एकच दिलं होतं, माणसं मोजायची. गणपूर्ती म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. आमच्या गावाला 100 लागतात. मागच्या बाकावरच्या एकाने वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी अशा जुड्या घातल्या. आठ जुड्या आणि वर तीन. सभा झाली, ठरावही झाले. पथदिव्यांचा विषय निघायच्या आत लोक उठायला लागले होते.

दोन दिवसांनी तोच पोरगा तास सुरू व्हायच्या आधी टेबलाशी आला. "सर, काल सांजच्याला शिपाई रजिस्टर घेऊन घरी आलता. आईची सही एकशे सातवी हाय."

आई त्या दिवशी सोयाबीनच्या खुरपणीला गेली होती.

वर्गात मग धडा बाजूला राहिला. गंमत म्हणजे गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली, तर तिला गणपूर्ती लागतच नाही. म्हणजे हा खटाटोप नसता केला तरी चाललं असतं. "मग पहिल्यांदा तरी शंभर कशाला?" एका मुलीने विचारलं. मी काहीतरी लांबलचक बोललो.

रजिस्टर बघायला कसं मिळेल, हा पुढचा प्रश्न. फळ्यावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दाखवला: 2005 चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, 30 दिवसांची मुदत. 'अर्जदाराचे नाव' या ओळीवर खडू थांबला. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात घंटा झाली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घटक चाचणीत गणपूर्तीवर एका गुणाचा प्रश्न काढला. त्या पोराने व्याख्या अगदी बरोबर लिहिली होती. पुढे एक ओळ जास्तीची: "कमी पडल्यास उरलेल्या सह्या घरी होतात."

गुण पूर्ण दिला. अर्ज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, स्टँप लावून.