इम्प्लांट बसवल्यानंतर पुन्हा सूर्यनमस्कार

स्तनाच्या कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला आणि त्याच शस्त्रक्रियेत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवण्यात आले. त्याआधी कितीतरी वर्षे माझी सकाळ सूर्यनमस्कारांनी सुरू होत असे. त्यामुळे ते पुन्हा कधी घालता येतील, हे मी प्लास्टिक सर्जन मॅडमना आधीच विचारले होते. त्यांनी तारीख सांगितली नाही, तर कागदावर छातीचे चित्र काढून इम्प्लांट कोठे बसणार ते दाखवले. काही जणींना ते छातीच्या मोठ्या स्नायूच्या, म्हणजे पेक्टोरॅलिस मेजरच्या वर बसवतात, काहींना त्याच्या खाली. माझे खाली बसणार होते. त्यासाठी हा स्नायू खालच्या कडेपासून सोडवून उचलावा लागतो, आणि काही ढकलताना किंवा हातांवर भार घेताना नेमका तोच काम करतो. तो नीट भरून येण्याआधी ताण दिला, तर रक्तस्राव होण्याची, पाणी साचण्याची किंवा इम्प्लांट सरकण्याची भीती असते. हे समजल्यामुळे पुढची सगळी बंधने मला मनापासून पटली.

चालणे मात्र दुसऱ्या दिवशीच, ड्रेनची (जखमेत साचणारे पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची) बाटली हातात धरून, वॉर्डातच सुरू झाले. ड्रेनमधून २४ तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी पाणी येईपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. मुठी आवळणे, कोपर वाकवणे आणि खांदे मागे फिरवणे एवढेच चालत होते. ड्रेन निघाल्यावर फिजिओथेरपिस्टने भिंतीवर बोटांनी वर चढण्याचा व्यायाम दिला. बोटे पोहोचतील तेथे मी पेन्सिलीने खूण करत असे. मध्येच काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली तंगूस ताणल्यासारखी एक दोरी उठली. काखेतील गाठी, म्हणजे लसिका ग्रंथी, तपासणीसाठी काढल्यावर काही जणींना असे होते आणि हलक्या ताणाच्या व्यायामांनी ते बहुधा ओसरते, हे कळेपर्यंत मी फार घाबरले होते.

घरकामाविषयी मला आवर्जून लिहायचे आहे. रुग्णालयाच्या सूचनापत्रात 'जड उचलू नये' एवढेच छापलेले होते. कणीक मळणे, पोळ्या लाटणे, चादर पिळणे, भरलेला कुकर उतरवणे ही कामे त्याच स्नायूवर येतात, हे फिजिओथेरपिस्टने सांगितले, तेव्हा सासूबाईंनी परात माझ्यापुढून उचलली ती बरेच दिवस परत दिली नाही. व्यायाम बंद आणि पोळ्या चालू, अशी स्थिती आपल्याकडे अनेक घरांत असणार; सूचनापत्रात ही कामे नावानिशी लिहिली पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते.

साधारण ६ आठवड्यांनी तपासणी करून भरभर चालण्यास आणि स्थिर सायकलीस परवानगी मिळाली. ज्यांना रेडिएशन घ्यावे लागते, त्यांची कातडी आणि स्नायू अधिक आखडतात, त्यामुळे त्यांचे वेळापत्रक वेगळे असते. माझ्या छातीची कातडी बधिर असल्याने ब्राची पट्टी काचत असली तरी कळत नव्हते. म्हणून तार नसलेली, घट्ट बसणारी ब्रा वापरून प्रत्येक व्यायामानंतर आरशात लाली किंवा सूज पाहण्याची सवय लावून घेतली. लाली, ताप किंवा एकाच बाजूची अचानक सूज दिसली, तर त्याच दिवशी दाखवायला यायचे, अशी ताकीद होती.

काखेतील गाठी काढलेल्या बाजूचा हात सुजू शकतो, म्हणून त्या हाताने वजन उचलूच नये, असे पूर्वी सांगत असत. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली हळूहळू वाढवलेल्या वजनांनी हाताची सूज वाढत नाही, असे त्यात दिसले. त्या आधारावर मला अर्ध्या किलोच्या डंबेलपासून सुरुवात करून दिली.

सूर्यनमस्काराची उभ्याने करायची आसने आधी आली. हातांवर भार घेण्याचा सराव प्रथम भिंतीवर, मग ओट्याच्या कडेवर, मग बाकावर आणि काही महिन्यांनी जमिनीवर झाला. भिंतीला रेटा दिला की स्नायू आवळून इम्प्लांट कातडीखाली बाजूला सरकताना दिसते; स्नायूखालच्या इम्प्लांटमध्ये असे होते आणि त्याने ते फाटत नाही, हे मॅडमनी तपासून सांगितल्यावरच मी पुढे गेले. आता दंडासन आणि भुजंगासन होते. अष्टांगासनात छाती टेकताना डाव्या बाजूला अजून दाब जाणवतो, म्हणून तेथे मी गुडघे टेकवून छाती अधांतरी ठेवते आणि तशीच पुढच्या आसनात जाते.