टाळी दोनवर आणि चारवर

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि आधी डोळ्यांपुढे आली ती मैदानाच्या टोकाची बँडची खोली. पत्र्याचं छप्पर, खिळ्यांना टांगलेले बिगूल आणि दारात उभे आमचे बँडसर. स्मरणिकेसाठी 'शाळेविषयी लिहा' असं पत्रात म्हटलंय. मला सरांविषयीच लिहिता येईल. माझ्यापुरती शाळा म्हणजे सरच.

पंधरा ऑगस्टच्या संचलनातले सर सगळ्यांना आठवत असतील. पण त्यांचा जीव जॅझमध्ये होता. शाळा सुटली की ते एकटेच ट्रम्पेट घेऊन बसत आणि मी पायरीवर बसून ऐकत असे. बिगुलाला पिस्टन, म्हणजे सूर बदलायला दाबायच्या कळा, नसतात, म्हणून त्यातून मोजकेच सूर निघतात. सातवीत असताना एके दिवशी सरांनी स्वतःचा ट्रम्पेट माझ्या हातात दिला, तीन पिस्टनांवर माझी बोटं ठेवली आणि म्हणाले, "घे. आता सगळे सूर मिळतील." स्वतःचं वाद्य असं कुणी पोराच्या हाती देतं का? सरांनी दिलं.

मी आठवीत गेलो त्या वर्षी, ६ जुलै १९७१ रोजी, न्यूयॉर्कमध्ये जॅझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी तालीम घेतली नाही, खिडकीशी बसून राहिले. आम्हाला वाटलं, घरचं कुणी गेलं असावं. "शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा," एवढंच म्हणाले.

शनिवारी पाऊस कोसळत होता. सरांचे तीन मित्र सायकलींवरून भिजत आले. एक लष्करी बँडातून निवृत्त झालेले क्लॅरिनेटवाले, एक लक्ष्मी रोडच्या मिरवणुकांत वाजवणारे ट्रॉम्बोनवाले आणि कॅम्पातले एक ड्रमवाले अंकल. किटलीतला चहा झाला आणि आठवणी निघाल्या. ट्रॉम्बोनवाले १९६४ साली लुई मुंबईला आला तेव्हा ऐकायला गेले होते. त्याच्या हातातल्या पांढऱ्या रुमालाचं वर्णन त्यांनी तीनदा केलं आणि तिन्ही वेळा त्यांचा आवाज भरून आला. अंकलनी चिक चॉकलेटचा विषय काढला. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून नावाजलेला हा गोव्याचा माणूस सी. रामचंद्रांना संगीत संयोजनात साथ करायचा. तोही चार वर्षांपूर्वी, १९६७ साली गेला होता.

सरांनी सांगितलेली गोष्ट वेगळी होती. नववर्षाच्या रात्री पिस्तुलाचे बार उडवले म्हणून १९१३ साली अकरा वर्षांच्या लुईला न्यू ऑर्लिन्सच्या सुधारगृहात धाडलं. तिथे बँड शिकवणारे पीटर डेव्हिस होते, त्यांनी त्याच्या हाती कॉर्नेट, ट्रम्पेटसारखंच एक वाद्य, दिलं. नाव कमावल्यावर १९३१ साली लुई त्या सुधारगृहात मुद्दाम परत गेला, आपल्या मास्तरांना भेटला. एवढं सांगून सर थांबले, चष्मा पुसू लागले.

मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेली तबकडी काढली. लुईचं १९२८ सालचं 'वेस्ट एंड ब्लूज'. सुरुवातीला साथसंगत काही नाही, एकटा ट्रम्पेट वर चढतो आणि पायऱ्या उतरावं तसा खाली येतो. शेवटाकडे तर एकच वरचा सूर जवळजवळ चार बार, म्हणजे सोळाएक मात्रा, धरलेला आहे. सर बोटांवर मात्रा मोजत होते आणि आम्ही मुलं श्वास रोखून बसलो होतो.

नंतर चौघांनी वाद्यं काढली. ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं असतं, असं सर म्हणाले. आमचं घर भजनी, त्यामुळे बारा म्हटल्यावर मला बारा मात्रांचा एकतालच वाटला! मी दणकून समेवर, पहिल्याच मात्रेवर, टाळी दिली. वाजवणं थांबलं. मी शरमेने लाल झालो. सर उठून माझ्यामागे येऊन बसले. इथे एका बारात चार मात्रा, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं, असं त्यांनी समजावलं. मग माझी दोन्ही मनगटं धरली. एकला घट्ट धरून ठेवत, दोनला सोडत. तीनला धरत, चारला सोडत. "सम मनात ठेव, टाळी दोनवर आणि चारवर." किती आवर्तनं ते तसे बसून होते कुणास ठाऊक. त्यांच्या शर्टाला पावसाचा आणि पिस्टनांना घालायच्या व्हॉल्व्ह ऑइलचा वास होता.

पुढे भोसरीत टूलरूममध्ये चौतीस वर्षं नोकरी केली, ट्रम्पेट सोडला नाही. आता आम्ही सहा निवृत्त मंडळी दर रविवारी कोथरूडला जमतो. 'वेस्ट एंड ब्लूज'ची ती सुरुवात मला साठीनंतर जमली. गेल्या डिसेंबरात दीडशे लोकांसमोर वाजवली तेव्हा सर समोर हवे होते.

सर गेले तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी परगावी होतो. मला तीन आठवड्यांनी कळलं. लुईसाठी चारजण जमले होते. सरांसाठी कुणी जमलं का, तबकडी कुणी लावली का, हे विचारायचंही धाडस मला झालं नाही. बँडच्या खोलीच्या जागी आता संगणक कक्ष झालाय. मुलांना तो हवाच, पण तिथून जाताना माझी पावलं अडखळतात.

समारंभाच्या दिवशी मी ट्रम्पेट घेऊन येणार आहे. त्या शनिवारी खोलीत आम्ही सात मुलं होतो. त्यांतलं कुणी हे वाचत असेल तर जरूर या, पुढच्या रांगेत बसा आणि टाळी धरा.