पिशवीतला कॅमेरा

“पिशवीतच ठेवायचा होता तर आणलास कशाला?” हर्णै बंदरावर मावशीने सहज विचारलं. मला उत्तर सुचेना.

संध्याकाळचा मासळीचा लिलाव ऐन रंगात. बैलगाड्या पाण्यात, वाऱ्यावर खारे तुषार. रिव्ह्यूंत अव्वल गुण म्हणून घेतलेला कॅमेरा, त्यावर दीड किलोची लेन्स. बाहेर काढायला हात धजेना.

भाच्याचा वॉटरप्रूफ कॅमेरा खिशात मावणारा, सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, करंगळीच्या नखाहून लहान. तो घेऊन पोरगा सरळ लाटेत उभा. अंधारातले त्याचे फोटो दाणेदार आले, हे खरं. पण एकात कोळणीच्या मनगटावर सोन्याच्या पाटलीशेजारी चिकटलेला माशाचा खवला चमकतोय. तो मी तिथे असून पाहिलाच नव्हता.

माझे सुट्टीचे सगळे दिवस याच किनाऱ्यावर जातात. कॅमेरा निवडताना एवढंच आठवलं नाही.

तुमचा कॅमेरा शेवटचा कुठे भिजला?