“मी ८४ आहे ना?”

मुलगा अकरा वर्षांचा. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने विचारलं, “मी ८४ आहे ना?”

तो आकडा त्याला माझ्यामुळेच चिकटला होता. दोन वर्षांपूर्वी, चाचण्या घेण्याच्या कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी, मी त्याची बुद्धिमत्ता चाचणी घेतली आणि अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहिलं: बुद्ध्यंक ८४. पुढे चार पानं होती, ती कुणी वाचली नाहीत. आकडा मात्र घरी पोचला, शाळेत पोचला आणि शेवटी त्याच्या तोंडी बसला. (ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील थोडे बदलले आहेत.)

वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीच्या बुद्धिमत्ता चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप, १५ धरलेलं असतं. म्हणजे साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. पण मूल आदल्या रात्री नीट झोपलेलं नसलं, समोरच्या बाईंशी त्याचं सूत जुळलं नसलं, तरी गुण खालीवर होतात. किती होतील, त्याचा हिशेब करता येतो. विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा चाचणी घेतली तरी गुण किती सारखे येतात ते, ०.९६ असेल, आणि ती फारच चांगली म्हणायची, तर प्रमाण त्रुटी, म्हणजे गुणात धरून चालायची चूक, निघते ३ गुणांची. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्हीकडे साधारण ६ गुण सोडावे लागतात. त्याचे ८४ म्हणजे ७८ ते ९० मध्ये कुठेतरी, आणि ९० पासून तर ‘सरासरी’ गट सुरू होतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते तिसऱ्या पानावर लिहिलं होतं.

त्या दिवशी मी पुन्हा चाचणी घेतली. आकडे लक्षात ठेवून म्हणायची उपचाचणी आली. त्यात सेकंदाला एक या ठरलेल्या गतीने आकडे वाचायचे असतात. सगळ्यांना सारखंच वाचून दाखवलं नाही, तर मानकांशी, म्हणजे त्याच वयाच्या इतर मुलांच्या गुणांशी, तुलना करण्यात अर्थ उरत नाही. मी वाचत होते आणि तो दर वेळी मान वळवून उजवा कान माझ्याकडे करत होता.

संध्याकाळी जुनी उत्तरपत्रिका काढली. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘सूचना पुन्हा विचारतो.’ ठोकळ्यांच्या रचनेत ११ गुण, आकड्यांत ५. या उपचाचण्यांची सरासरी १० असते. दोन गुणांत इतकी दरी असताना त्यांची बेरीज करून एक आकडा सांगणं म्हणजे ती दरी बुजवून टाकणं.

मी श्रवण तपासणी सुचवली. डाव्या कानाने त्याला बरंच कमी ऐकू येत होतं.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जातंय का) यांतला फरक मी पाठ केला होता, पण कळला तो इथे. चाचणी कितीदाही घेतली असती तरी आकड्यांचे गुण जवळपास तेवढेच आले असते, कारण कान तोच होता. गुण स्थिर होते. फक्त मी ज्याला स्मरणशक्ती म्हणत होते, त्यात ऐकणं मिसळलेलं होतं. चाचणी घेणाऱ्याचे डोळे म्हणूनच लागतात. निरीक्षण, पालकांशी बोलणं, वर्गातल्या वह्या, आधीच्या तपासण्या हे सगळं मिळून मूल्यमापन होतं. चाचणी हा त्यातला एक भाग.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्यासोबत १९०५ मध्ये बुद्धिमत्तेची पहिली मापनश्रेणी केली, ३० प्रश्नांची. शाळेत जास्तीची मदत कुणाला लागेल, हे शोधण्यासाठी. बिने १९११ मध्ये गेले. मानसिक वयाला (मूल कोणत्या वयाच्या मुलांइतकं करू शकतं, त्या वयाला) खऱ्या वयाने भागायची, म्हणजे बुद्ध्यंकाची, कल्पना विल्यम स्टर्न यांनी मांडली ती १९१२ मध्ये. मदत शोधायला निघालेली चाचणी आणि माणसाला चिकटणारा एक आकडा, या दोन्हींच्या मधल्या त्या वर्षाचा विचार मी फार वेळा करते.

दुसऱ्या अहवालाच्या पहिल्या पानावर मी आकडा घातला नाही. लिहिलं: उजवा कान शिक्षकांकडे राहील अशी जागा द्यावी, तोंडी सूचना फळ्यावरही लिहाव्यात, आकृत्यांतून समजावलं तर लवकर कळतं. गुण मागच्या पानांवर, प्रत्येक गुणाशेजारी त्याचा पट्टा.

अहवाल समजावून सांगताना त्याने विचारलं, “आता किती?” मी कागदावर आडवी रेघ काढली, त्यातला एक भाग पेन्सिलीने रंगवला आणि म्हटलं, “यात कुठेतरी.” त्याने पेन्सिल घेतली आणि रंगवलेला भाग दोन्ही बाजूंनी थोडा वाढवला.