फारोमधले कोडबाहेरचे ब्रेकपॉइंट: नोंद ३

फारो ही स्मॉलटॉक घराण्यातली प्रोग्रामिंग भाषा आणि तिचे वातावरण. ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता थांबवायची खूण; इथे ती सोर्समध्ये न लिहिता लावायची आहे. अट घातलेला ब्रेकपॉइंट आता भरवशाने चालतो. एकाच ऑब्जेक्टपुरता ब्रेकपॉइंटही थांबतो, पण त्याला काही मर्यादा आहेत. मेथड बदलली तरी ब्रेकपॉइंट आपल्या जागी राहावा, हे काम अर्धे झाले आहे.

मूळ अडचण थोडक्यात अशी. स्मॉलटॉकमध्ये थांबायचे तर मेथडमध्ये ‘सेल्फ हॉल्ट’ लिहायचे आणि सेव्ह करायचे. त्यामुळे पॅकेज बदललेले दिसते, आणि एखादा हॉल्ट काढायचा राहिला तर तो थेट कमिटमध्ये जातो. शिवाय हॉल्ट हे एक्सेप्शन आहे, म्हणजे बोलावणाऱ्या मेथडकडे वर जाणारा अपवाद. ते एररचा सबक्लास नसल्यामुळे ‘ऑन: एरर डू:’ त्याला पकडत नाही, पण कुठे वर ‘ऑन: एक्सेप्शन डू:’ असेल तर हॉल्ट तिथेच गिळला जातो आणि डीबगर (थांबलेला प्रोग्रॅम तपासायची खिडकी) उघडतच नाही. म्हणून इथे एक्सेप्शन उठवतच नाही: चालू प्रोसेस थांबवायची आणि तिच्या कॉन्टेक्स्टवर (चालू कॉलच्या नोंदीवर) डीबगर उघडायचा. ती प्रोसेस यूआयचीच (पडद्यावरच्या खिडक्या चालवणारी) असेल, तर थांबवण्याआधी नवी यूआय प्रोसेस सुरू करावी लागते. हे राहिले तर सगळी इमेज, म्हणजे फारोचे सगळे चालू वातावरण, गोठते.

सोर्सला हात न लावता थांबायचे काम मेटालिंक करते. एएसटीच्या (मेथडच्या सोर्सची झाडासारखी मांडणी) हव्या त्या नोडवर लिंक लावायची, कंट्रोल ‘बिफोर’ ठेवायचा. लिंक लागली की मेथड डिक्शनरीत कंपाइल्ड मेथडच्या जागी रिफ्लेक्टिव्ह मेथड बसते. व्हीएमला (कोड चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला) तिथे कंपाइल्ड मेथड सापडत नाही, म्हणून ते ‘रन:विथ:इन:’ हा मेसेज पाठवते, आणि लिंकसकट कंपाइल होणे तेव्हा घडते. यातली एक गोष्ट हमखास चकवते: आधीच स्टॅकवर असलेली कॉन्टेक्स्ट जुनीच मेथड चालवत राहते. लांबलचक लूप चालू असताना त्याच मेथडमध्ये ब्रेकपॉइंट लावला, तर तो पुढच्या कॉलपासूनच लागू होतो.

सगळ्यात जास्त वेळ अटीने खाल्ला. समजा, खात्याच्या ‘बॅलन्स’ मेथडवर ब्रेकपॉइंट आहे आणि अट आहे ‘सेल्फ बॅलन्स < ०’. अट तपासायला बॅलन्स बोलावला जातो, तिथे पुन्हा ब्रेकपॉइंट लागतो, पुन्हा अट तपासली जाते, आणि हे संपतच नाही. फारोत कॉन्टेक्स्ट हीपवर (ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीत) सरकत असल्यामुळे स्टॅक भरल्याची तक्रारही लगेच येत नाही. मेमरी फुगत जाते आणि इमेज जड होते. अशी अट कोणी मुद्दाम लिहीत नाही, पण अटीत ‘प्रिंटस्ट्रिंग’ (ऑब्जेक्टचा मजकूर देणारा मेसेज) आला आणि तो आतून बॅलन्स वाचत असला, तरी तेच होते.

उपाय म्हणजे ‘अट तपासणे चालू’ असा झेंडा. तो ग्लोबल ठेवला तर एक प्रोसेस अट तपासत असताना दुसरी प्रोसेस त्याच ब्रेकपॉइंटवरून न थांबता निघून जाते. समांतर कोडमधला दोष शोधताना नेमके तेच नको असते. म्हणून डायनॅमिक व्हेरिएबलचा सबक्लास केला: झेंडा त्या-त्या प्रोसेसपुरता राहतो, आणि ‘व्हॅल्यू:ड्युरिंग:’ संपताच जुनी किंमत परत येते, मध्ये एरर आली तरीही. मात्र या ब्लॉकच्या आतून डीबगर उघडायचा नाही. तसे केले तर प्रोसेस झेंडा वर असतानाच अडकते आणि स्टेप करताना पुढचे सगळे ब्रेकपॉइंट मुकाट्याने टळतात. आत फक्त उत्तर काढायचे, बाहेर आल्यावर थांबायचे.

उत्तर ‘== ट्रू’ असे तपासायचे, कारण अट निल (‘काहीच नाही’) देऊ शकते आणि निलला ‘इफट्रू:’ पाठवले की वेगळीच एरर येते. अटीतच एरर आली तर थांबायचे आणि ती एरर दाखवायची. चुकलेली अट गुपचूप ‘नाही’ धरली, तर माणूस तासभर भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

ऑब्जेक्टपुरत्या ब्रेकपॉइंटसाठी त्या ऑब्जेक्टच्या क्लासचा निनावी सबक्लास करून ऑब्जेक्ट त्यात हलवला जातो. ६४ बिट इमेजमध्ये स्मॉलइंटिजर, कॅरेक्टर आणि स्मॉलफ्लोट६४ यांची किंमत पॉइंटरमध्येच भरलेली असते. त्यांचा क्लास बदलता येत नाही, तेव्हा तिथे मेनूतला पर्यायच बंद ठेवला आहे. ब्रेकपॉइंटने ऑब्जेक्ट घट्ट धरला तर तो कधीच गार्बेज होत नाही, म्हणून वीक रेफरन्स (ऑब्जेक्टला अडवून न ठेवणारा) ठेवला. ऑब्जेक्ट गेला की ब्रेकपॉइंट यादीतून आपोआप निघतो. सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट साठवण्याजोग्या रूपात लिहिणे) हे उरलेले भोक: निनावी क्लासला नाव नाही, त्यामुळे सेव्ह करण्याआधी ब्रेकपॉइंट काढावाच लागतो.

मेथड सेव्ह झाली की एएसटी नवा होतो आणि लिंक जाते. सोर्समधली अक्षरांची जागा लक्षात ठेवून भागत नाही. वर एक कॉमेंट वाढली तरी ती सरकते. सध्या नोडचा फॉरमॅट केलेला मजकूर आणि मुळापासूनचा मार्ग, दोन्ही ठेवले आहेत. दोन्ही जुळले, किंवा तो मजकूर मेथडमध्ये एकदाच आला, तरच लिंक पुन्हा लागते. नाहीतर ब्रेकपॉइंट बंद करून यादीत राखाडी दाखवला जातो. चुकीच्या जागी थांबणारा ब्रेकपॉइंट न थांबणाऱ्यापेक्षा जास्त त्रास देतो, म्हणून इथे अंदाज बांधत नाही. कॅस्केडमध्ये (एकाच ऑब्जेक्टला ओळीने पाठवलेले मेसेज) मात्र हे अजून अडते: ‘स्ट्रीम सीआर, टॅब, सीआर’ मधले दोन्ही ‘सीआर’ मजकुराने सारखेच, आणि आधी एखादा मेसेज वाढवला की मार्गही बदलतो. पुढच्या नोंदीत तिथे शेजारच्या मेसेजचा आधार घेऊन बघायचे आहे.